दाराजवळचं स्टूल

डॉक्टर टेंबेंच्या दवाखान्यात पेशंटला बसायला दोन जागा होत्या. एक टेबलासमोरची खुर्ची आणि दुसरं, बाहेर पडायच्या दाराला अगदी खेटून ठेवलेलं लोखंडी स्टूल. येणारा-जाणारा त्याला ठेचकाळायचा, पण ते हलवायची कोणाची प्राज्ञा नव्हती. खुर्ची पुरुषांसाठी आणि स्टूल बायकांसाठी, असं डॉक्टरकाका सरळ सांगत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला रागच आला होता.

दिल्लीतली द्वारका तेव्हा नुकती कुठे वसत होती. फ्लॅटच्या चाव्या मिळाल्या होत्या, पाणी मिळालं नव्हतं. टँकर आला की आम्ही बायका बादल्या घेऊन धावायचो आणि लिफ्ट बंद म्हणून जिन्याने वर चढवायचो. नवरे तोवर नव्या नव्या कंपन्यांत कॉम्प्युटरसमोर बसलेले असत. अशात माझ्या नवऱ्याची मान धरली. काकांसमोर बसून त्याने मानेचा इतिहास सांगितला, ऑफिसातल्या खुर्चीचा सांगितला, बॉसचाही सांगितला. दुखतं कुठे तेही बोट ठेवून दाखवलं. गोळ्या मिळाल्या, आम्ही उठलो. दाराशी आल्यावर मी म्हटलं, "तसं काही विशेष नाही, पण माझा खांदा जरा..."

काकांनी पेनाला टोपण लावलंच नव्हतं. "बस त्या स्टुलावर," ते म्हणाले. "आता असली बात, खरं दुखणं."

त्यांचं म्हणणं असं, की पुरुष आपल्या दुखण्याचा पत्ता सांगतो, पिनकोडसकट. बाई येते ती पोराचा खोकला दाखवायला, आणि जाता जाता दारात स्वतःच्या गुडघ्यांबद्दल माफी मागते. शेजारच्या गावातली जाटणी असो की पुण्याची प्रोफेसरीण, दोघी दारातच थबकणार. "बहनजी, अब असली बात," असं म्हणून काका तिला स्टुलावर बसवत. मध्येच नवरा म्हणालाच, "कुछ नहीं डॉक्टरसाब, इसको तो वहम है," की काका त्याच्या तोंडात थर्मामीटर खुपसत. बायकोचं सांगून संपेपर्यंत तो तोंडातून बाहेर निघत नसे. "हिला कामाची सवय नाही," एवढंच बोलून माझ्या नवऱ्यानेही त्याची चव घेतली होती.

काका दवाखान्याच्या वरच राहत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मालतीकाकू आल्या नाहीत, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी मीच वाण घेऊन वर गेले. काकू वेताच्या मोढ्यावर बसल्या होत्या आणि काका दातांत कंगवा धरून त्यांची वेणी घालत होते. काकूंनी वाण घ्यायला हात पुढे केले. सगळी बोटं एका बाजूला कलली होती. मी वाण त्यांच्या मांडीवर ठेवलं.

"एवढे मोठे डॉक्टर, पण पेड कुठला कुठून घ्यायचा हे रोज सांगावं लागतं," काकू हसून म्हणाल्या.

मग त्यांनीच सांगितलं. पूर्वी करोल बागेत दवाखाना होता आणि दुपारचा डबा त्या नेऊन देत. निघताना दारात म्हणत, "सकाळी बोटं वळत नाहीत हो." काका मान वर न करता म्हणत, "बाम लाव." अशी वर्षं गेली. शेवटी काकांनी ते हात नीट बघितले, तेव्हा औषधाची वेळ निघून गेली होती.

"बाहेर पेशंट खोळंबलेले असायचे ना," काकूंनी त्यांची बाजू घेतली. काकांनी वेणीला रबर लावलं आणि वाकडी झाली म्हणून पुन्हा सोडली. खाली उतरताना स्टूल दिसलं आणि मला रडू आलं.

पुढे काही वर्षांनी, मेट्रो आली त्या सुमाराला काकू गेल्या. मी काकांना डबा पाठवू लागले. एका रविवारी ते स्वतःच डबा परत करायला आले. घासलेला, आत चार चमचे साखर. रिकामा डबा परत देऊ नये, हे काकूंचं वळण. चहा झाला, मेट्रोच्या गर्दीवर बोलून झालं, नवऱ्याच्या मानेची चौकशी झाली. काका उठले, दारात एक चप्पल पायात सरकवली आणि थांबले.

"तसं काही विशेष नाही, पण सकाळी हात जरा दुखतात गं."

"नेमके कुठे, काका?"

त्यांनी दोन्ही हात समोर धरून उलटसुलट करून पाहिले. "सांगता येत नाही. सकाळी आता त्यांना काही काम नसतं."

आतून नवऱ्याने विचारलं, "बाम देऊ का, काका?" मी त्याला हातानेच गप्प केलं. स्वयंपाकघरातलं स्टूल आणून दाराला खेटून ठेवलं. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, पायातली चप्पल काढली आणि बसले. मी गॅस बंद करून आले आणि त्यांच्यासमोर जमिनीवर बसले.