नऊ नंबर, बोल

कटरेकाकांच्या टेबलाभोवती चहाला बसलं, की आपणहून कोणी बोलायचं नाही. काका एकेकाचा नंबर पुकारतात. "दोन नंबर, बोल." मग हमालांच्या मुकादमानं बोलायचं. "तीन नंबर." मग पॉलिशरच्या ऑपरेटरनं. मध्येच कोणी तोंड घातलं, तर काका बशी टेबलावर आपटतात. "तुले कोनं इचारलं का बे?"

काका गोंदियाजवळच्या एका राईस मिलमध्ये इलेक्ट्रिशियन आहेत. ही शिस्त त्यांनी मशिनींकडून घेतली आहे. बॉयलर, ड्रायर, पॉलिशर अशा बारा मशिनींचे मीटर तिथे एकाच तारेवर जोडलेत. पॅनेलमधला कंट्रोलर एकेका मीटरला नंबरानं विचारतो. ज्याला विचारलं, त्यानंच उत्तर द्यायचं. "तार एक, तोंडं बारा," काका म्हणतात. "समदे संगं बोलले त कोनाचं आयकशील?"

भाचीच्या लग्नाच्या बैठकीतही त्यांनी हाच नियम लावला होता म्हणे. वरपक्षाचा नंबर येईपर्यंत पोहे थंड झाले.

शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी मी दवनीवाड्याहून तिथे जाऊ लागले, तेव्हा मला नऊ नंबर मिळाला. आमच्या घरात कॉलेज पाहणारी मी पहिलीच. वर्गात उत्तर येत असलं तरी माझा हात वर जात नसे. इथे निदान पाळी ठरलेली होती.

माझं काम एकच, नव्या ड्रायरचा तापमान मोजणारा मीटर त्या तारेवर आणणं. मंगळवारी सकाळी मी तो जोडला. नव्याचं तापमान स्क्रीनवर येईना, आणि बॉयलरचंही गेलं. मिलचे शेठ धावत आले. "खाने के टाइम तक नहीं हुआ, तो नागपूर से इंजिनिअर बुलाता हूँ!" इंजिनिअर आला असता, तर माझा प्रोजेक्ट गेला असता.

मुकादम म्हणाला, तार उंदरानं खाल्ली. ऑपरेटर म्हणाला, मीटरच खराब. मला मात्र तोवर कळून चुकलं होतं. कारखान्यातून प्रत्येक नवा मीटर 'एक' हाच नंबर घेऊन येतो, आणि तो बदलायचं मी विसरले होते. बॉयलरचा मीटरही एक नंबर. दोघं एकदम उत्तर देत होते.

काकांनी बशी आपटली. सगळ्यांना विचारून झालं. "नऊ नंबर, बोल."

मी स्क्रीनकडेच बघत राहिले. मीटरनं उत्तर दिलं नाही, तर कंट्रोलर क्षणभर थांबतो आणि पुढे जातो. काका पुढे गेले नाहीत.

"कटरे, ये क्या नाटक है?" शेठ ओरडले. "कल से मत आना!"

काका माझ्याकडे बघत तसेच उभे.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "नंबर बदलला नाही मी. इंजिनिअर नको. मला दहा मिनिटं द्या."

मीटरला तेरा नंबर दिला. दोन्ही आकडे स्क्रीनवर आले. शेठ जेवायला गेले.

"काका, तुम्हाला आधीच कळलं होतं ना?"

"सकारीच."

"मग शेठचं एवढं काऊन ऐकून घेतलं?"

काका पेचकसानं पॅनेलचं दार लावत होते. "पाचवीत गुरुजीनं मले इचारलं होतं, आपल्या इकडची मोठी नदी कोनती. मले येत होतं बाई. पन तवा मी अडकून बोलत होतो, शब्द लवकर निघे नाही. ते बाजूच्या पोराकडं गेले. मंग मले कधी इचारलंच नाही."

मी विचारलं, "कोणती नदी, काका?"

त्यांनी पेचकस खाली ठेवला.

"वैनगंगा," ते म्हणाले.