ठकू सुगरणीचं घर आणि वरचा वारा

एका जंगलात विहिरीवर वाकलेली एक बाभूळ होती. आधी नाकं पुसा, मग ऐका. आणि सिंह कधी येतो म्हणून मधेच विचारू नका. येतो. नको तिथं सिंह येतोच.

त्या बाभळीवर सुगरण पक्षी राहायचे. त्यांच्यात रीत अशी, की घर नराने बांधायचं. अर्धं झालं की मादी येणार, लोंबकळून बघणार, चोच मारून बघणार. पटलं तर राहणार, नाही तर भुर्र. आपल्यात ही रीत नाही, म्हणून आपली घरं अशी असतात.

ठकू सुगरण त्या दिवशी घाईत होती. पोटात अंडी, डोक्यावर पावसाचे ढग. भिकोबा नावाच्या नराने घर विणलं होतं सुरेख. ठकू आत जाऊन बसली. बसली तशी वाऱ्याने तिची शेपटीच डोक्यावर आणली.

"अरे मेल्या, हे घर आहे का झोपाळा? पावसाळी वारा येतो मावळतीकडून, आणि तू घर टांगलंस मावळतीलाच? अंडी विहिरीत पडली तर बेडूक उबवणारेत का?"

"हुकूम आहे, ठकूबाई," भिकोबा चाचरत म्हणाला. "महाराजांनी उपग्रह सोडलाय."

सोडला होता खरा. शेजारच्या जंगलात आहे म्हटल्यावर सिंहालाही तो हवाच झाला. हत्तीने ताडाचं झाड वाकवलं, शेंड्यावर उपग्रह ठेवला आणि झाड सोडून दिलं. गेला वर. तिथून तो ढगांची चित्रं पाठवायचा. अगदी उंचावरचे, पिसासारखे ढग कुठून कुठं सरकले ते बघून घुबडपंत वारा सांगायचे. त्यांनी सांगितलं, वारा उगवतीकडून येतो. म्हणून सगळ्यांनी झाडाच्या आडोशाला, मावळतीच्या अंगाला घरं बांधावीत.

ठकू तडक दरबारात गेली. सिंह ऐटीत बसला होता. मागून, मावळतीकडून, असा वारा सुटला होता की त्याची आयाळ त्याच्याच तोंडात जात होती.

"महाराज, वारा कुठून येतोय ते तुमची आयाळच सांगतेय की!"

सिंहाने तोंडातले केस थुंकले. "आयाळ अडाणी आहे. पंत, चित्र दाखवा तिला."

घुबडपंतांनी चित्र दाखवलं. "आकाश खोटं बोलत नाही, बाई."

"खोटं कोण म्हणतंय? पण हा वारा आहे किती वर?"

"घारीला जिथं धाप लागते, त्याच्याही पुष्कळ वर."

"तिथं राहतं कोण?"

"कोणीच नाही."

"मग तिथल्या वाऱ्याचं माझ्या अंड्यांना काय सांगताय? मी बाभळीवर राहते!"

दरबारात कोल्हा खुदकन हसला. तिथंच घात झाला. राजाला चूक चालते, हसू चालत नाही.

"उगवतीला दिसलेलं घर पाडा!" सिंह गरजला. तपासणीला माकड नेमलं.

ठकू परत आली ती फणफणतच. "भिकोबा, उगवतीला बांध. नाही तर मी चालले दुसऱ्या बाभळीवर."

"अहो, पण माकड पाडेल ना!"

"माकडाचं मी बघते. तू गवत आण."

घर झालं, ठकूने अंडी घातली, आणि माकड आलं. आभाळ गच्च भरलेलं, सूर्याचा पत्ता नाही. माकडाने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि हळूच विचारलं, "बाई, यातली मावळत कुठली हो?"

ठकू अंड्यांवर बसली होती. पापणीही न लववता म्हणाली, "ही काय, साहेब. माझं घर आहे ना, तीच मावळत."

"वा! हुकमाप्रमाणे आहे," असं म्हणून माकड शेंगा खात निघून गेलं.

मग आलं वादळ. बाभळीवरची बाकी सगळी घरं विहिरीत गेली. बायका आधीच भुर्र झाल्या होत्या म्हणून वाचल्या. सिंहाने गुहेला मावळतीकडे नवं दार पाडलं होतं, त्यातून आत पाणी शिरलं. राजा टेबलावर चढून बसला. ठकूचं घर मात्र नुसतं डुललं.

दुसऱ्या दिवशी ओला सिंह बाभळीखाली आला. मागून घुबडपंत, त्यांच्यामागून शिंकणारा दरबार.

"पंत, तुमचा वारा चुकला!"

"छे! वर तो तसाच होता," घुबडपंत म्हणाले. "आणि हे घर बघा, उभं आहे. माकडराव, हे कुठल्या बाजूला?"

"मावळतीला, महाराज! मी स्वतः तपासलंय."

सिंहाचा चेहरा खुलला. "म्हणजे ज्याने हुकूम नीट पाळला, तो तरला! काय गं, घर मावळतीलाच ना?"

भिकोबाने डोळे मिटून घेतले. खरं सांगायला ठकूची चोच नुसती शिवशिवत होती. तेवढ्यात पोटाखाली एका अंड्यात टकटक झाली.

"मावळतीलाच, महाराज," ठकू म्हणाली. "तुमची कृपा."

सिंहाने तिला आदर्श सुगरण ठरवलं आणि वरच्या वाऱ्याचं चित्र बक्षीस दिलं. ठकूने ते फाडून पिल्लांखाली अंथरलं. कागद चांगला मऊ निघाला.

तात्पर्य: मुलांनो, नेहमी खरं बोलावं. पण आधी अंडी उबवून घ्यावीत.