मी मेलो, बोल आता!

“मी मेलो. हं, बोल आता!”

एवढे म्हणून प्रोफेसर धाडकर आरामखुर्चीत मागे रेलत, डोळे मिटून घेत आणि दोन्ही हात छातीवर ठेवत. समोर सतरंजीवर आम्ही बसलेलो. युनिव्हर्सिटीच्या परीक्षेत मराठी नाहीतर संस्कृतात आपटलेली आणि घरच्यांनी आशा सोडलेली पोरे. बुलढाण्यात त्यांच्या घरी रोज सकाळी हा वर्ग भरे. प्रोफेसरांचे बोट ज्याच्याकडे जाई, त्याने उभे राहून त्यांच्या निधनाबद्दल चार शब्द बोलायचे. मयत समोर बसून ऐकत असे.

पहिल्याच दिवशी माझी पाळी आली. मी घसा खाकरला. “काळाने आज आपल्यावर घाला घातला आहे. प्रोफेसरसाहेबांच्या जाण्याने जी पोकळी निर्माण झाली...”

मयताने एक डोळा उघडला.

“कुठी झाली पोकळी? दाखव मले.”

“नाही, म्हणजे... तशी...”

“मी मेलो त खोलीत एक खुर्ची रिकामी होईन. पोकळी कायची बे? जाय, अंगण झाड.”

‘पोकळी’, ‘आधारवड’, ‘दुःखाचा डोंगर’ यांपैकी काहीही तोंडातून निघाले की अंगण झाडावे लागे. त्यामुळे प्रोफेसरांच्या अंगणाइतके स्वच्छ अंगण अख्ख्या गावात नव्हते.

प्रोफेसर पूर्वी नागपूरला कॉलेजात संस्कृत शिकवीत. तिथल्या पुणेरी सहकाऱ्यांना त्यांच्या ‘मले-तुले’चे फार हसू येई, असे ऐकले होते. पुढे नोकरीची बरीच वर्षे शिल्लक असताना ते सगळे सोडून इथे घाटावर, बुलढाण्याला येऊन राहिले. लग्न केलेले नव्हते. स्वयंपाक स्वतः करीत, आणि तो करपल्याचा वास वर्गापर्यंत येई. नोकरी का सोडली, याबद्दल गावात नाना तर्क होते. कोणी म्हणे साहेबाशी भांडले, कोणी म्हणे डोके फिरले. त्यांचा वर्ग एकदा पाहिलेला माणूस सहसा दुसऱ्या पक्षाला मिळे.

त्यांचे एक ठरलेले वाक्य होते. “भाषा कायले शिकाची? मयताच्या घरी दोन शब्द खरे बोलता यावे म्हणून. बाकी काम इशाऱ्यानं बी चालते.” आणि त्याला जोडून, “खोटं बोलाचं नाई. मेलेल्याले उलटून सांगता येत नाई.”

प्रोफेसर मरून मरून कंटाळले की आम्हाला मारीत. एकेकाने मरायचे आणि इतरांनी त्याच्याबद्दल बोलायचे. रशीद मेला त्या दिवशी मी म्हणालो, “रशीद अत्यंत मनमिळाऊ होता.”

“मनमिळाऊ त बकरी बी असते. हा विचार करतानी हाताचं काय करते, सांग.”

मला सांगता येईना. कोणालाच येईना. प्रोफेसर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, “सदऱ्याच्या काजात बोट घालते. बाप शिंपी हाय त्याचा.”

आम्ही सगळ्यांनी रशीदकडे पाहिले. रशीदने स्वतःच्या सदऱ्याकडे पाहिले. बोट काजातच होते.

मी मेलो त्या दिवशी रशीद म्हणाला की मी शांत होतो, गरीब होतो आणि अक्षर बरे होते. ऐकून मलाच माझ्या मरणाचे फारसे काही वाटले नाही. प्रोफेसर मात्र म्हणाले, “अजून एक राह्यलं.” आम्ही वाट पाहू लागलो. “जाऊ द्या. ते ज्याचं त्याले,” म्हणून त्यांनी संस्कृतचे पुस्तक उघडले.

आणखी एक खूळ होते. सतरंजीवरची जागा कोणी बदलायची नाही. रशीद एकदा हवेसाठी माझ्या जागी, खिडकीपाशी बसला, तर प्रोफेसर एवढ्याशा गोष्टीवरून थरथरायला लागले. “जागा सोडू नका बे! मंग मले सापडत नाई कोणी!” आम्ही नंतर त्यांची नक्कल करून पोट धरधरून हसलो.

मी धामणगाव बढ्याचा. बुलढाण्यात वार लावून जेवत होतो. म्हणजे सोमवारी एका घरी, बुधवारी दुसऱ्या. मंगळवारचे घर काही केल्या लागले नव्हते. मंगळवारी मी खिशात फुटाणे ठेवी. इतर मुले मोठ्याने श्लोक म्हणू लागली की पुस्तक तोंडापुढे धरून त्या गजरात चावून घेई. गजर थांबला की माझा जबडाही थांबे. ही विद्या मी फार कष्टाने साधली होती आणि ती जगात कोणालाही ठाऊक नाही, अशी माझी खात्री होती.

दरवर्षी दिवाळीनंतर प्रोफेसर एक दिवस कुठेतरी जात. त्या वर्षी गुडघे फार दुखत होते, म्हणून मला म्हणाले, “वडनेर भोलजीले जाचं हाय. आधाराले चाल.”

सर्व्हिस मोटर राजूरचा घाट उतरून मोताळ्याला लागली. मग प्रोफेसर बाहेर बघत बोलू लागले.

“शंकर नावाचा पोरगा होता माह्या वर्गात. वडनेरचा. नागपुरात खोली घेऊन राहे. तापानं खोलीवरच गेला. मी रोज त्याचं नाव पुकारे अन् गैरहजेरी मांडे. काऊन येत नाई, हे विचारलं नाई. मंग कॉलेजानं मले सांत्वनाले पाठवलं. मी भाषण केलं बे. पोकळी, आधारवड, सगळं बोललो. लोकं रडले. त्याच्या मायनं ऐकून घेतलं अन् विचारलं, ‘साहेब, माहा शंकऱ्या वर्गात कुठी बसे जी?’”

मोटर खडखडत राहिली.

“मले मालूम नव्हतं. चेहरा बी आठवे ना.”

नोकरी त्यांनी त्यानंतर सोडली. शंकरच्या ओळखीची पोरे शोधून काढली आणि एकेकाला गाठून विचारले. कुठे बसे, काय गुणगुणे, कशाला भीत असे. दरवर्षी वडनेरला जाऊन त्याच्या आईला त्यातली एक गोष्ट सांगायची, एवढा त्यांनी नेम धरला.

“यंदा नाई काही,” ते म्हणाले. “सरलं सगळं. अन् माय आता खाटेवर हाय, फार दिवसाची नाई. रिकाम्या हातानं जाता येते. रिकाम्या तोंडानं कसं जाऊ बे?”

मलकापूरला मोटर बदलली तेव्हा ते माझ्या खांद्याचा आधार घेऊन उतरले.

म्हातारी पुतण्याच्या घरी ओसरीत पडून होती. दिसणे जवळजवळ गेलेले. चपलांच्या आवाजावरून तिने ओळखले.

“आले का साहेब? यंदा काय आणलं माह्या शंकऱ्याचं?”

प्रोफेसर खाटेशेजारी बसले. तोंड उघडले आणि मिटले. म्हातारी आवाजाकडे मान वळवून थांबली होती. तिच्याकडे मला पाहवेना. मग प्रोफेसरांनी सवयीने डोळे मिटले आणि हात छातीवर घेतले.

“माय, मंगळवारी न त्याची जेवाची सोय नसे,” ते हळूहळू म्हणाले. “मंग खिशात फुटाणे आणे. पोट्टे मोठ्यानं म्हणू लागले का हा पुस्तक तोंडापुढी धरे अन् त्यांच्या आवाजात चावून घेई. आवाज थांबला का ह्याचं तोंड थांबे. फुटाणा तसाच गालात.”

माझे कान तापले. हात नकळत खिशावर गेला. मंगळवारच होता.

“मले दिसे माय. पण मी बोललो नाई. पोराले लाज वाटन म्हणून.”

म्हातारी आधी हसली. मग तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळून कानांकडे गेले.

“हाव साहेब. तसाच होता तो. उपाशी राहीन पण कोणाले मागणार नाई.”

पदराने डोळे पुसून तिने विचारले, “संग कोण हाय जी?” प्रोफेसर म्हणाले, “माहा विद्यार्थी.” तिने चाचपडत माझा हात धरला आणि पुतण्याच्या बायकोकडून त्यात गुळाचा खडा अन् शेंगदाणे घालायला लावले. “खाय बाबा,” म्हणाली.

मोटरच्या वाटेवर एका बाभळीखाली आम्ही बसलो. प्रोफेसरांनी पाठ टेकून डोळे मिटले. आता ‘मी मेलो’ म्हणणार, असे मला वाटले.

“खोटं बोललो बे मी आज,” ते म्हणाले.

“खोटं कुठी, सर? मंगळवारी मी खातोच.”

त्यांनी एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिले.

“मंग उघडून खाय. पुस्तक नाई आता समोर.”

मी मूठ उघडली. शेंगदाणे तोंडात टाकले. ते दुसरीकडे बघत म्हणाले, “मंगळवारी माह्या घरी येत जाजो जेवाले. करपलेलं असते, आधीच सांगून ठेवतो.”

घास तोंडात तसाच राहिला. वर्षभर ज्यांच्यापुढे बोलायला शिकलो, त्यांच्यापुढे मला एक शब्द सुचेना. मी नुसती मान हलवली.

प्रोफेसरांनी ती दुरुस्त केली नाही.