गरजेनुसार मैदान

आमच्या विद्यापीठात फुटबॉलचे दोन संघ आहेत, एक मुलांचा, एक मुलींचा, आणि मैदान एक आहे. दोन्ही संघांना समान वागणूक दिली जाते, असं आमच्या वार्षिक अहवालात छापलेलं असतं. ते वाक्य दरवर्षी मीच लिहितो. मी क्रीडा विभागाचा वरिष्ठ लिपिक. मैदानवाटपाची वही माझ्या टेबलावर असते, आणि तिच्यात माझी सही झाल्याशिवाय इथे कुणाची चेंडूला पाय लावायची टाप नाही.

पूर्वी मैदान संध्याकाळी मुलांना आणि उरलेल्या वेळात मुलींना मिळे. उरलेला वेळ म्हणजे दुपारी दोन ते तीन, भर उन्हात. यावर मुलींच्या कप्तानाने अर्ज केला. पोरगी शेवटच्या वर्षाला, बोलायला फटकळ.

"काका, आम्हालाही द्या की संध्याकाळी मैदान. यंदा स्पर्धेच्या अंतिम सामन्याला राज्य संघाची निवड समिती येणार आहे. माझी ही शेवटची संधी आहे हो."

अर्ज रास्त होता, त्यामुळे त्यावर समिती नेमावी लागली.

समितीने तीन बैठका घेऊन असा निष्कर्ष काढला की, सारखं वाटप हाच मुळात अन्याय आहे, कारण गरज सारखी नसते. ज्याला सरावाची गरज जास्त, त्याला मैदान जास्त. गरज मोजायची कशी? स्वीकारलेल्या प्रत्येक गोलमागे दहा मिनिटं वाढवायची, केलेल्या प्रत्येक गोलमागे दहा मिनिटं कापायची. नियम दोन्ही संघांना एकच. शिवाय कुणाचाही वेळ शून्याखाली जाणार नाही, एवढा मोठेपणा समितीने आपणहून दाखवला.

पुढच्याच सामन्यात मुलं आठ गोलांनी हरली आणि त्यांची ऐंशी मिनिटं वाढली. मुली पाच गोलांनी जिंकल्या आणि त्यांचा वेळ दहा मिनिटांवर आला. उपांत्यपूर्व सामन्यात त्यांनी आणखी दोन गोल केले, झालं, वेळ शून्य! मग मुली ग्रंथालयामागच्या पार्किंगमध्ये, दुचाकींच्या रांगांमधून चेंडू काढायचा सराव करू लागल्या. आरशांना धक्का न लावता चेंडू न्यायची इतकी सवय झाली की उपांत्य सामन्यात समोरच्या बचावफळीची त्यांनी पार भंबेरी उडवली. सहा–शून्य.

कप्तान पुन्हा टेबलाशी आली. "जिंकलो की मैदान जातं. मग काय, हरायचं का आम्ही?"

"नियमात तशी मुभा आहे," मी म्हणालो.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर ठरला. फाटकावर फलक लागला. त्यावर संचालकसाहेबांचा फोटो मोठा होता आणि मुलींचा, जागेअभावी, नव्हता. सामना दुपारी चारला. मी वही उघडली. चार ते सात, मुलांचा सराव. सामन्याला नव्वद मिनिटं लागतात, आणि मुलींच्या नावावर एकही नव्हतं. वही घेऊन मी साहेबांकडे धावलो.

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "नियम आपणच केलाय ना? आता अपवाद केला तर मुलींना झुकतं माप दिलं असं होईल. समानतेच्या बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही."

चार वाजता पाहुणा संघ हजर, पंच हजर, निवड समितीचे तिघे वह्या उघडून हजर. मैदानात मुलं वळसे घालत पळत होती. प्रेक्षक गच्च होते. थोडा वेळ त्यांनी चुळबूळ केली, मग आलोच आहोत तर बघू म्हणून मुलांचा सराव बघत बसले. कप्तान बुटांच्या नाड्या आवळून रेषेबाहेर उभी होती. मुलांच्या प्रशिक्षकांना तिने हात जोडले. "माझी ना नाही, पण वहीत नाव आमचं आहे," ते म्हणाले.

पंचांनी पंधरा मिनिटं वाट पाहिली. यजमानांनी मैदान दिलं नाही, म्हणून आमचा संघ तीन–शून्य पराभूत. निवड समितीने वह्या मिटल्या आणि गाडी गाठली.

यातली चांगली बाजू सगळ्यांत आधी माझ्या लक्षात आली. तीन गोल स्वीकारले म्हणजे तीस मिनिटं! मी लगेच चिठ्ठी लिहून कप्तानाच्या हातात ठेवली. "उद्या सात ते साडेसात. तुला संध्याकाळच हवी होती ना?"

तिने चिठ्ठी वाचली आणि तिची घडी केली.

"काका, हा नियम वेडगळ आहे हे तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना?"

"कळलं होतं."

"मग?"

"वाईट वाटलं होतं गं मला. अगदी मनापासून."

खोटं नाही सांगत. आत्ता हे वाचताना तुम्हाला वाटतंय ना, तेवढंच वाईट वाटलं होतं. आणि मग, तुम्ही आता उलटाल तसंच, मीही पान उलटलं.