टोपीवरचा बदाम

बायकोने विणलेल्या लोकरीच्या टोप्या विकायला वेबसाइट करायची, एवढंच ठरलं होतं. नवरा ऑफिसात दिवसभर वेबसाइटची बटणंच सजवायचा नि तपासायचा. तेव्हा हे तर घरचंच कार्य! बायकोने देवापुढे हात जोडून नेम धरला, "पहिली टोपी विकली जाईपर्यंत चहात साखर नाही." चहा एकाच पातेल्यात व्हायचा, त्यामुळे नेम आपोआप दोघांचा झाला. (नवऱ्याला कुणी विचारलं नव्हतं.)

त्याने जीव ओतला. प्रत्येक टोपीच्या फोटोच्या कोपऱ्यात पत्त्यांतल्यासारखा बदाम ठेवला, बोट लागताच लाल होऊन धडधडणारा. 'विकत घ्या' हे बटण मात्र फिक्या राखाडी रंगात, अगदी तळाशी, अंग चोरून उभं. बायकोच म्हणाली होती, "अहो, गिऱ्हाइकाच्या मागे लागल्यासारखं दिसायला नको."

दिवस गेले. बदाम ढिगाने लाल झाले. ऑर्डर मात्र एक नाही.

"माझ्या टोप्याच नको असतील कुणाला," म्हणत तिने सुया टोपलीत ठेवून दिल्या.

 नवऱ्याने गुपचूप सासूबाईंना फोन लावला. "आई, साइट बघितलीत?"

"बघितली काय, टोप्या घेतल्यासुद्धा! कधी पाठवताय, जावईबापू?"

"घेतल्या? कशा?"

"बदाम दाबला की! कसा धडधडला हो! म्हटलं, लेकीला पोचलं."

म्हणजे गिऱ्हाइकं केव्हाची टोपीची वाट बघत बसली होती! त्याने सासूबाईंना थोड्या वेळाने साइट पुन्हा बघायला सांगितलं, बदाम उडवला, तिथेच ठळक बटण बसवलं, 'ही टोपी मला हवी', आणि चालतंय का बघायला स्वतःच दाबलं. बायकोचा मोबाइल टणकन वाजला.

तिने तो बघितला आणि ती धावत स्वयंपाकघरात गेली. चमचा खणखणला. कप हातात आला. आता खरं सांगायची त्याची छाती होईना. त्याने घोट घेतला, डोळे मिटले. "वा! गोडव्याने जीव निवला!"

थोड्या वेळाने मोबाइल पुन्हा वाजला. सासूबाईंची ऑर्डर! पाठोपाठ आणखी दोघींची.

त्याने कान पकडले. "अगं, मघाची ऑर्डर माझीच होती. तुझा नेम मोडला."

"ठाऊक आहे. पत्ता आपलाच होता," ती हसली. "पण तुमचा हिरमोड करवेना, म्हणून नुसताच चमचा वाजवला. साखर आत्ता घालतेय."

डबा उघडता उघडता तिने मागे वळून पाहिलं.

"आणि ऑफिसात बारीकसारीक गोष्टी तुम्हीच तपासता ना?"