अकरा दिवसांवरचं गाव

आमच्या इमारतीत कुणाचंही पार्सल हिरामणअण्णांनी तपासल्याशिवाय जिन्याची पहिली पायरी चढत नसे. पार्किंगमध्ये, विजेच्या मीटरांखाली, त्यांची निळी प्लास्टिकची खुर्ची असायची. खोकं आलं की ते उठायचे. डॉक्टर छाती ठोकून बघतात तसं खोकं चारही बाजूंनी बोटांनी वाजवायचे, टेपवरून अंगठा फिरवायचे आणि निकाल द्यायचे. निकाल बहुधा एकच असे. "टेप एकेरी. कोपरं उघडं. नापास." आतली वस्तू धड निघाली तरी निकाल बदलत नसे. "नशिबानं पोचली. पॅकिंगनं न्हाई."

सोसायटीच्या सेक्रेटरींचा नवा मिक्सर आला तेव्हा अण्णांनी ते खोकं कमरेएवढ्या उंचीवरून, बरोबर एका कोपऱ्यावर, फरशीवर टाकलं. त्यांच्या कंपनीत प्रत्येक नव्या पेटीची अशी परीक्षा होत असे. सेक्रेटरी जिन्यातच उभे होते. अण्णांनी खोकं उचलून कानाशी हलवलं आणि आनंदाने म्हणाले, "पास. घ्या, राव." मिक्सर आजही चालतो. सेक्रेटरी मात्र पुढे दोन महिने त्यांच्याशी बोलले नाहीत, आणि हे अण्णांच्या लक्षातही आलं नाही.

मी त्यांच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहते. महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाले. पिंपळे गुरवच्या त्या इमारतीत पुस्तकांशिवाय माझ्याकडे फारसं कुणी येत नाही. अण्णा यायचे, कारण त्यांना इंग्रजी येत नव्हतं आणि माझ्याकडे मोठ्या पडद्याचा फोन होता.

चाकणजवळ त्यांची जमीन होती. तिथे कारखाना आला, आणि जमिनीच्या बदल्यात अण्णांना त्याच कारखान्याच्या पॅकिंग खात्यात नोकरी मिळाली. ज्या वावरात बाजरी काढली त्याच वावरावर त्यांनी तीस वर्षं लाकडी पेट्यांना खिळे ठोकले. पेट्या जर्मनीला गेल्या, ब्राझीलला गेल्या. अण्णा पुणे जिल्ह्याबाहेर दोनदा गेले, दोन्ही वेळा लग्नाला. या आयुष्यातून त्यांनी एकच तत्त्वज्ञान काढलं होतं आणि ते दिवसातून एकदा तरी मला ऐकवत. "बाई, माल पोचला म्हंजे काम झालं न्हाई. पोच आली पायजे. पोच आल्याबिगर फाईल बंद करायची न्हाई."

त्यांचा मुलगा नितीन माझा विद्यार्थी. अक्षर वाईट, शुद्धलेखन त्याहून वाईट, पण हिशेबी डोक्याचा. आयटीआय करून डिझेल मेकॅनिक झाला, कंपनीत लागला, आणि मग कॅनडाच्या अगदी उत्तरेला निघून गेला. तिथल्या एका वस्तीला वीज पुरवणाऱ्या जनरेटरांची देखभाल त्याच्याकडे आहे. त्या वस्तीला रस्ता नाही. विमानच जातं. नाव आम्हा दोघांनाही कधी नीट उच्चारता आलं नाही. अण्णा त्याला "पोराचं गाव" म्हणत.

सुमनवहिनी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, एका सकाळी दवाखान्यातच वारल्या. मी तिथे होते. अण्णांनी नितीनला फोन लावला. तो रडत असावा, कारण अण्णा बराच वेळ नुसते "व्हय, व्हय" म्हणत होते. मग त्याने सांगितलं की त्याला पोचायला पाच दिवस लागतील, तोवर आईला ठेवा. दवाखान्यात तशी सोय होती.

अण्णांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, "तीन दिवसात माझी पेटी जर्मनीला पोचती. तू तर माणूस हायस. यायचं न्हाई, आसं सरळ म्हण की." पलीकडून काहीतरी उत्तर आलं. अण्णा म्हणाले, "थांबता येणार न्हाई. गाडी लागलीय." आणि फोन ठेवला.

मी दारात उभी होते. आयुष्यभर मुलांना वाक्य कुठे थांबवावं ते शिकवलं, आणि त्या वेळी तोंडातून एक शब्द काढला नाही. नितीन आला नाही. त्यानंतर त्याचा फोनही आला नाही.

दोन महिन्यांनी अण्णा माझ्याकडे आले. हातात मुलाच्या पत्त्याचा जुना कागद होता. म्हणाले, पोराला काहीतरी मागवून पाठवायचंय, तिकडच्याच दुकानातून, फोनवरून. मला बरं वाटलं. मी म्हटलं, काय पाठवायचं? ते म्हणाले, "काय बी. मोजे टाका. ट्रायल माल हाय. किती दिवसात पोचतो ते बघायचंय मला."

हे माझ्या उशिरा लक्षात आलं. माणसं रुसलेल्या मुलाला भेट पाठवतात. अण्णा पुरावा गोळा करत होते. पाच दिवस लागतात हे पोरानं खोटं सांगितलं, हे त्यांना सिद्ध करायचं होतं.

त्यासाठी त्यांच्या स्वयंपाकघरात कॅलेंडर होतं. पेट्यांवर लिहायचं कंपनीतलं काळं मार्कर त्यांनी निवृत्त होताना खिशातून आणलं होतं. माल निघाला की त्या तारखेला गोल, पोचला की वर तोंड केलेला बाण. पेटीची कुठली बाजू वर ठेवायची हे दाखवतो तसा.

पहिलीच अडचण अशी निघाली की बरीच दुकानं त्या गावाला माल पाठवायलाच तयार नव्हती. पत्ता टाकला की लाल अक्षरं यायची: रिमोट एरिया, सेवा उपलब्ध नाही. अण्णांना हा शब्द फार लागला. "रिमोट म्हंजे काय? आमच्या लहानपणी चाकण रिमोटच हुतं. रस्ता झाला, मग न्हाई ऱ्हायलं." एका दुकानाच्या मदत केंद्राला त्यांनी मला फोन लावायला लावला आणि फोन माझ्या हातून घेऊन स्वतःच बोलले. "मॅडम, आय पॅकिंग. थर्टी इयर. यू गिव्ह बॉक्स, आय टेल टेप." ती बाई सभ्य होती. तिने सगळं ऐकून घेतलं आणि सेवा उपलब्ध नाही असं पुन्हा सांगितलं. अण्णा म्हणाले, "हिला पेटीला हात लावून म्हाईत न्हाई."

शेवटी कॅनडातल्याच एका मोठ्या शहरातलं देशी किराणा दुकान तयार झालं. मोजे तिथे नव्हते, म्हणून पहिला ट्रायल माल पापडाचा गेला. मी नको म्हटलं, चुरा होईल. ते म्हणाले, "हुंदे की. आपल्याला दिवस मोजायचंत."

पापड तेरा दिवसांनी पोचले, आणि त्या गावच्या पोस्टात पडून राहिले. तिथे घरपोच काही मिळत नाही. आपण जाऊन उचलायचं असतं. नितीनने ते अठरा दिवस उचलले नाहीत. अण्णांनी ते अठरा दिवस मोजायला नकार दिला. "ती गिऱ्हाइकाची चूक. वाहतुकीत धरायची न्हाई."

दुसरं पार्सल दहा दिवस. तिसरं अकरा. पार्सल कुठे आहे ते रोज फोनवर दिसायचं, आणि दर वेळी शेवटच्या शहरात ते अडकायचं. कारण लिहिलेलं असायचं, खराब हवामान. "बहाणं," अण्णा म्हणायचे. मग मी त्यांना हवामान दाखवलं. त्या दिवशी तिथे उणे अडतीस होतं. अण्णांनी चष्मा काढून फोन डोळ्यांशी नेला. मग त्यांनी विचारलं, "उणं अडतीसला टेपचा गोंद धरत आसंल का, बाई?"

मी त्यांना विमानाचं वेळापत्रकही वाचून दाखवलं. आठवड्यातून दोनच विमानं, तीही आकाश साफ असेल तर. त्यापुढे अजून दोन विमानं बदलायची, मग मोठं शहर, मग समुद्र. हे मी दाखवायला नको होतं की आधीच दाखवायला हवं होतं, याचा निकाल मला अजून लागलेला नाही. ते उठून गेले. पुढचे दोन दिवस निळी खुर्ची रिकामी होती आणि इमारतीतली सगळी पार्सलं परीक्षेविना वर गेली. सेक्रेटरी म्हणाले, काय शांतता आहे.

त्यानंतर अण्णांनी पाठवणं थांबवलं नाही, वाढवलं. पण आता तो ट्रायल माल नव्हता. मेतकूट, कुळथाचं पीठ, एकदा लोणच्याची काचेची बरणी. पार्सल निघालं की ते त्या गावचं हवामान विचारायला दिवसातून तीनदा माझं दार वाजवायचे. आपल्याकडे पाऊस आहे की ऊन, याची त्यांना खबर नसे.

आणि एक गोष्ट आम्हा दोघांच्याही लक्षात आली. पहिलं पार्सल पोस्टात अठरा दिवस पडून होतं. तिसरं सहा. पाचवं दोन. सातवं त्याने पोचलं त्याच दिवशी उचललं. मी म्हटलं, वाट बघत असेल. अण्णा म्हणाले, "पोस्ट जवळ आलं आसंल." पण त्या दिवशीचा बाण शेजारच्या तारखेत गेला.

गोडा मसाला मागवायचा होता तेव्हा ते स्वच्छ सदरा घालून आले. त्या दुकानाच्या पानावर एक चौकोन असायचा: तुमचा संदेश इथे लिहा, आम्ही चिठ्ठी छापून पार्सलमध्ये घालू. तो आम्ही दर वेळी रिकामा सोडत असू. त्या दिवशी अण्णांनी त्या चौकोनावर बोट ठेवलं.

मी विचारलं, इंग्रजीत लिहू का? ते म्हणाले, "दुकानदाराशी इंग्रजीत. पोराशी मराठीत." मला, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला. त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं.

"नितीन, माल पोचाया अकरा दिवस लागत्यात. मी मोजलं. तू खरं बोलत हुतास. मी थांबाया पायजे हुतं."

सवयीने मी "थांबायला हवं होतं" असं करू लागले. त्यांनी माझं बोट धरून थांबवलं. "आसंच ऱ्हाऊ द्या. त्याला आवाज कळंल." इतक्या वर्षांत मी पहिल्यांदाच कुणाचं वाक्य न सुधारता पुढे पाठवलं.

पार्सल निघाल्याच्या पाचव्या दिवशी सकाळी अण्णा त्या निळ्या खुर्चीत बसल्याजागीच वारले. शेजारी कुणाचं तरी न तपासलेलं खोकं होतं. खोक्याचा मालक आधी खोकं घेऊन वर गेला आणि मग खाली आला, हे मी पाहिलं आहे.

राजगुरुनगरहून त्यांचा पुतण्या आला. नितीनला फोन मी केला. इतक्या वर्षांनी आवाज ओळखून तो "बाई" म्हणाला. मी सांगितलं, आणि लगेच म्हटलं की आम्ही थांबतो. पाच दिवस, सहा दिवस, लागतील तेवढे.  तो म्हणाला, "थांबू नका, बाई." मी म्हटलं, अरे, अण्णांनी तुला लिहिलेली चिठ्ठी वाटेत आहे, तेवढी पोचू दे. तो म्हणाला, "आईसाठी नाही थांबले. आता कशाला?" त्याच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला पुढे काही बोलता आलं असतं.

तरी मी पुतण्याला सांगून पाहिलं. या वेळी मी दारात गप्प उभी राहिले नाही. तो म्हणाला, "मुलगाच नको म्हणतोय, बाई. आन् गाडी लागलीय." त्याचा काही दोष नव्हता. गाडी खरंच लागली होती.

अण्णांचं कॅलेंडर मी घरी आणलं. शेवटच्या गोलापुढे बाण नव्हता. अकरावा दिवस गेला, बारावा गेला. पार्सल शेवटच्या शहरात अडकलं होतं, खराब हवामान. चौदाव्या दिवशी ते पोचलं आणि त्याच दिवशी उचललं गेलं. मी बाण काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी माझ्या फोनवर नितीनने एक फोटो पाठवला. पांढऱ्या कागदाची लहान चिठ्ठी होती. तिच्यावर त्याचं नाव इंग्रजीत होतं आणि खाली दोन ओळी रिकाम्या चौकटी. एकाशेजारी एक, लहान, सारख्या आकाराच्या चौकटी. आत काहीच नाही. त्या दुकानाच्या यंत्राला आपली अक्षरं येत नव्हती. प्रत्येक अक्षराच्या जागी त्याने एक मोकळं खोकं छापलं होतं.

फोटोखाली त्याने विचारलं होतं, "बाई, यात काय लिहिलं होतं?"

मी पुस्तकातली बाई. मला यातलं काही सुचलं नव्हतं. इंग्रजी अक्षरांत लिहिलं असतं तर पोचलं असतं, एवढं साधं. अभिमानापायी मी एका माणसाचं शेवटचं वाक्य नापास टेपमध्ये बांधलं.

उत्तर लिहायला मला तासभर लागला. त्यात स्वतःचं काही घालावं असं फार वाटत होतं. ते तुझी किती वाट बघायचे, रोज हवामान विचारायचे, वगैरे. ते सगळं मी खोडलं. अण्णांनी सांगितलेली चार वाक्यं जशीच्या तशी लिहिली, "पायजे हुतं"सकट, आणि पाठवली.

त्याने ती वाचली, हे मला फोनवर दिसलं. मग तीन दिवस काही नाही. मी फोन उशाशी न ठेवता टेबलावर, कॅलेंडरशेजारी ठेवत होते.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. एकच ओळ.

"अकरा नाही, बाई. थंडीत चौदा. मीही मोजलेत."