स्लॅबचं बाळंतपण

जानेवारीतला पहिला रविवार, सकाळ. स्थळ : बदनापूर, आमच्या घराची गच्ची. हजर : मी, आमचे हे, रज्जाक मिस्त्री, त्यांची माणसं आणि मिक्सरवाला. न बोलावता हजर : शेजारचे किसनराव. डोक्यावर कानटोपी, दोन्ही हातांत वाफाळत्या पाण्याच्या बादल्या.

गच्चीवरच्या नव्या खोलीचा स्लॅब टाकायचा होता. त्या आठवड्यात थंडी अशी होती की खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवल्याशिवाय थेंब निघत नव्हता. मिक्सरमध्ये टाकीतलं पाणी पडणार, एवढ्यात किसनराव आडवे आले.

"बाई, बाळंतिणीला गार पाण्यानं आंघोळ घालता का?"

मी शाळेत शिकवते. कुणी काहीही विचारलं तरी उत्तर तयार असतं. इथे मात्र मी टाकीचा नळ बंद केला. मिक्सरवाला हसला आणि त्याने गरम पाणी ओतून घेतलं.

किसनराव एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले. घरात एकटेच. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी सुनीता सासरी पुण्याला. तिला तेव्हा सातवा महिना होता आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हावं हा किसनरावांचा ध्यास होता. पण त्यांच्या घरावर पत्रे. सुनीताच्या सासूबाईंनी फोनवर स्पष्ट सांगितलं होतं : तुमच्या पत्र्याला पहाटे घाम येतो, थेंब गळतात, शिवाय घरात बाईमाणूस नाही, आम्ही सूनबाईला पाठवणार नाही. हे सगळं गल्लीला तोंडपाठ होतं, कारण किसनराव ते दूधवाल्यालाही सांगत.

म्हणून त्यांनी अभ्यास सुरू केला होता. गल्लीतल्या प्रत्येक म्हातारीला गाठून शेक, शेगडी, धुरी, अळीव, डिंक, सगळं विचारून घेतलं होतं. एवढं शिकलेलं वापरायला कुणी नव्हतं, आणि नेमका आमचा स्लॅब टाकायचा निघाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन वर गेले. स्लॅबवर प्लॅस्टिक, त्यावर गोणपाट, त्यावर कडबा, त्यावर गल्लीभरच्या गोधड्या. सर्वांत वर, पाहुण्यांसाठी कपाटात जपून ठेवलेली माझी लाल रजई.

"ही कुणी दिली?"

"सरांनी," किसनराव शिडीवरून म्हणाले. आमचे हे जिन्यातूनच मागे वळले.

किसनरावांनी रजईखाली हात सरकवला, पोराच्या कपाळाला लावावा तसा तळवा सिमेंटला लावला. "धग हाये बाई, बराबर हाये. आता वारं लागू द्याचं न्हाई."

पुढे रोजचा क्रम ठरला. ऊन आलं की पांघरुणं निघत, गोणपाट भिजत. ऊन उतरलं की पांघरुणं परत वर. खोलीच्या खिडक्यांच्या भोकांना त्यांनी पोती बांधली आणि छताखालच्या टेकूंच्या मधोमध शेगडी ठेवली. शेगडीवर ओवा टाकत. ओवा कशाला, हे विचारायचं मी टाळलं.

खरा गोंधळ टेकू काढायच्या वेळी झाला. रज्जाक मिस्त्रींना ते वडीगोद्रीच्या दुसऱ्या कामावर हवे होते. माणसं घेऊन आले तर खोलीत टेकूंच्या जंगलात बाज टाकलेली आणि बाजेवर किसनराव, बशीतून चहा पीत.

"सव्वा महिना झाल्याबिगर बाळंतीण उठत न्हाई," ते म्हणाले. "आधी मला काढा, मंग टेकू काढा."

"मामू, ये छत है," रज्जाकभाई हात जोडून म्हणाले. "इसको बच्चा नई होता."

"तुला काय ठावं? तू तर पहिल्याच दिवशी हात धुऊन जेवायला गेल्तास."

रज्जाकभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी आमच्या ह्यांच्याकडे, आणि ह्यांनी किसनरावांना दुसरी बशी भरून दिली. टेकू राहिले. मी मात्र चिडले होते. खोलीला भाडेकरू ठरला होता, सरकारी नोकरीतला एक मुलगा, आणि माझ्या यादीत पुढची सगळी कामं खोळंबली होती.

सव्वा महिन्याने टेकू निघाले. साच्याच्या पाट्या उतरल्या, छत स्वच्छ, कुठे एक चीर नाही. आणि कोपऱ्यात, वर, एक लोखंडी कडी. जाड सळई वाकवून केलेली, छतात पक्की बसलेली.

"ही काय आहे?"

"मामूनं बसवली ना, स्लॅबच्या दिवशी," रज्जाकभाई म्हणाले. "म्हणले, बाईला ठावं हाये."

बाईला काहीच ठाऊक नव्हतं. माझ्या घरात, माझ्या छतात, मला न विचारता. किसनरावांना हाक मारली. ते दारातच थांबले.

"पंख्याची कडी मध्ये आहे. ही कोपऱ्यात कशाला?"

"हितं वारं लागत न्हाई," ते म्हणाले. तान्ह्या बाळाची झोळी कोपऱ्यातच बांधतात, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. "इचारणार व्हतो बाई. रोज इचारणार व्हतो. नको असंल तर कापून टाकू. कटरवाला वळखीचा हाये."

त्यांनी कानटोपी काढून हातात धरली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा. डोक्यावरचे केस सगळे पांढरे होते.

"डॉक्टरांनी कधीची तारीख दिली आहे?" मी विचारलं.

"व्हळीच्या आसपास."

त्या दिवशी यादी नव्याने केली. भाडेकरूला नकार कळवला. खिडक्यांना काचा लावून घेतल्या. खालून पाणी चढतं की नाही ते पाहिलं. लाल रजई धुऊन वाळवली. कडी किसनराव रोज सकाळी स्वतः तपासतात, म्हणजे स्टुलावर चढून तिला लोंबकळतात. काल आमचे हेही लोंबकळताना दिसले.

सुनीताच्या सासूबाईंशी बोलायचं माझ्याकडे आलं आहे, कारण घरातलं बाईमाणूस म्हणून माझं नाव किसनरावांनी परस्पर देऊन टाकलं आहे. नंबर समोर आहे. किसनराव ओट्यावर माझ्याकडे पाठ फिरवून बसलेत, कानटोपी एका कानावरून वर सारून. तेवढा फोन करायचा राहिला आहे.